घट पाहिला कोणी?

तर्कशास्त्राच्या पंडितांनी घटाचा जेवढा पिच्छा पुरवला, तेवढा बिचाऱ्या कुंभाराचा त्याच्या सावकारानेही पुरवला नसेल. कार्य आणि कारण यांचे नाते सांगायचे आहे? आणा घट. अभाव म्हणजे काय ते समजावयाचे आहे? 'जमिनीवर घट नाही' हे उदाहरण तयारच. घट आणि पट ही दोन गरीब गिऱ्हाइके सापडली म्हणून पंडितांचे शेकडो वर्षे भागले. आणि मराठी माणसाने मात्र त्या साऱ्या उद्योगाला 'घटपटाची खटपट' असे नाव देऊन हात झटकले.

या शास्त्रातली एक गंमत मला फार आवडते. घटाची कारणे मोजताना माती आली, चाक आले, चाक फिरवण्याचा दांडा आला, खुद्द कुंभार आला. पण ज्याच्या पाठीवरून ती माती घरी आली ते गाढव मात्र 'अन्यथासिद्ध' ठरले. म्हणजे ते तिथे असते खरे, पण घट होण्याशी त्याचा कारण म्हणून काही संबंध नाही! शास्त्र म्हणून हे बरोबर असेल. कुंभारआळीत जाऊन हे वाक्य एकदा बोलून पाहावे.

माझा मुद्दा गाढवाचा नाही, घटाचाच आहे. इतक्या वाङ्मयात इतके घट आले. पण त्यांतला एक तरी घट चांगला होता की वाईट, त्याचा गळा नीट बसला होता की तिरका, तो पाणी गार करी की नुसताच गळे, हे कोणी विचारले काय? उपनिषदे पाहा. छांदोग्यात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो की, मातीचा एक गोळा कळला म्हणजे मातीचे जे जे काही आहे ते सारे कळले. आकार हा केवळ नावापुरता. ब्रह्मज्ञानाच्या दृष्टीने हे थोर आहे. पण ज्या बाईला पाणी भरायचे आहे तिला मातीचा गोळा देऊन भागत नाही. तिचे सारे काम त्या नावापुरत्या आकाराशीच असते. संतांना घटात देह दिसला, वेदान्त्यांना घटाकाश दिसले. आमच्या काळाजवळ यायचे तर 'प्रपंच' (1961) या चित्रपटात गदिमांनी प्रत्यक्ष विठ्ठलालाच कुंभार केले आणि एकाच मातीच्या भांड्यांची नशिबे वेगवेगळी का, असा त्याला जाब विचारला. गीत सुंदरच आहे. सुधीर फडक्यांच्या चालीसकट ते घराघरांत गेले. पण तिथेही भांडे म्हणजे आपणच. भांडे म्हणजे भांडे नव्हे.

आणि गोष्टींतली मडकी? ती तर फुटण्यासाठीच येतात. पंचतंत्रातला ब्राह्मण खाटेवर पडल्या पडल्या सातूच्या पिठाच्या मडक्यावर संसार रचतो आणि लाथ मारून ते फोडतो. गोकुळात हंडी फुटते, स्मशानात मडके फुटते, आणि दोष कुणावर तरी ढकलायचा असला की आपण त्याच्या डोक्यावर खापर फोडतो. घरात मात्र मडके येते ते टिकण्यासाठी. नवे मडके विकत घेणारी बाई ते चार वेळा वाजवून पाहते, आत डोकावते, उन्हाकडे धरून भोक नाही ना याची खात्री करते, शेजारच्या दोन मडक्यांशी ताडून पाहते आणि मग भाव करते. माझ्या मते मराठी मुलखातली मडक्याची खरी समीक्षा एवढीच. ती बाजारात, उभ्याउभ्या आणि तोंडीच झाली. ती कोणी लिहून ठेवली नाही, एवढेच तिचे उणे.

आमच्या परंपरेतला एकच प्रसंग असा आहे की, ज्यात कुंभाराचे हत्यार हत्यार म्हणून येते. तेरच्या गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईने कोपऱ्यातले थापटणे पाहून हे काय म्हणून विचारले. गोरोबा म्हणाले, याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग एकेकाच्या डोक्यावर थापटणे पडू लागले. सगळे गप्प राहिले, नामदेव तेवढे रागावले. आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले. ही गोष्ट आम्ही शाळेत दरवर्षी सांगतो. पण एकदा आमच्या बाजूच्या एका गावात एक म्हातारी कुंभारीण मडके थापटत बसली होती, तिला मी ही गोष्ट सांगितली. तिला ती अर्थातच माझ्याआधी ठाऊक होती. ती हसून म्हणाली, "मास्तर, थापटणं पक्क्याला लावलं तर फुटंल की ते! पक्कं बोटानं वाजवून बघायचं. थापटणं कच्च्यालाच."

"मग आजी, गोरोबाकाकांना हे ठाऊक नव्हतं होय?"

"त्यास्नी ठावं नसंल तर कुणाला? म्हनून तर नामदेवाला धाडला की गुरूकडं. कच्च्याचंच काय तरी व्हतंय."

एवढे बोलून ती पुन्हा थापटू लागली. नामदेवांच्या त्या कथेवर मी पुष्कळ निरूपणे ऐकली आहेत. त्यांपैकी एकातही थापटण्याचा खरा उपयोग कोणी ध्यानात घेतलेला मला आढळला नाही. कच्चे म्हणजे टाकाऊ, असा अर्थ सगळे करतात. कामाच्या दृष्टीने पाहिले तर कच्चे म्हणजे ज्याला अजून वाढवता येते ते. पुढे नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, हा कथेचा उत्तरार्ध या अर्थाशी किती चपखल बसतो पाहा.

आता हे थापटण्याचे काम म्हणजे नेमके काय, ते सांगितले पाहिजे. कारण कुंभार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे फक्त चाक येते. चित्रात चाक, सिनेमात चाक, आणि हल्ली सहलीला गेलेल्या मुलांचे फोटो काढतात तेही चाकावरच. चाकावर गोळा ठेवला, हात लावला आणि मडके उभे राहिले, असा सर्वांचा समज आहे. पण गोल बुडाचे मडके चाकावर पुरे होतच नाही. चाकावर होतो तो त्याचा काठ, गळा आणि खांदा. खालचे पोट तिथे जाड, बुटके आणि ओबडधोबडच असते. दोऱ्याने ते कापून काढायचे, थोडे सुकू द्यायचे, आणि मग एका हाताने आतून गोल गोटा धरून दुसऱ्या हाताने बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ठोकत ते फुगवायचे. प्रत्येक ठोक्याला भिंत पातळ होते आणि पोट वाढते. बूड मिटते तेही असेच. एका ठोक्यात जोर जास्त झाला तर मडके फाटते. कमी झाला तर तिथे जाडी राहते आणि आव्यात तेवढ्यावरूनच तडा जातो. आत गोटा कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नाही, ते हातालाच कळायचे. चाकाची करामत पाच मिनिटांची. थापटण्याचे काम थांबून थांबून, सुकण्याची वाट पाहत, दोन-तीनदा करायचे.

आणि बहुतेक ठिकाणी चाकावर पुरुष बसतो. माती कुटणे, चाळणे, भिजवणे, तुडवणे, मडक्याला गेरू लावणे, ते उन्हात-सावलीत फिरवणे, बाजारात नेऊन विकणे, पुष्कळ घरांत थापटणेसुद्धा, यांत बायकांचा हात असतो. चुली आणि शेगड्या तर त्या चाकाशिवाय, नुसत्या हातांनीच घडवतात. म्हणजे ज्याचे चित्र निघते ते काम एकाचे, आणि ज्याने मडके मडके होते त्यातले बरेचसे दुसरीचे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने 2018 पासून कुंभारांना विजेची चाके द्यायला सुरुवात केली, याचे मला वाईट वाटत नाही. काठीने जड चाक फिरवताना खांदे निखळतात. ते वाचले तर चांगलेच झाले. पण चाक विजेचे झाले म्हणून माती तुडवणारे पाय मोकळे होत नाहीत, हेही कोणी तरी म्हणायला हवे.

मातीचेही तसेच. कुठलीही माती चालत नाही. नुसती काळी चिकट माती वाळताना आकसते आणि उलते. नुसती वाळूसर माती उभी राहत नाही. म्हणून तळ्याचा किंवा ओढ्याचा गाळ घ्यायचा, त्यात राख मिसळायची, घोड्याची लीद मिसळायची. शहरातल्या वाचकांनी नाक मुरडू नये. ती लीद आव्यात जळून जाते आणि तिच्या जागी भिंतीत बारीक बारीक छिद्रे राहतात. मडके तापले की त्या छिद्रांमुळे त्याला ताण सोसता येतो; माठात पाणी भरले की तेच पाणी झिरपून बाहेर येते, वाऱ्याने उडते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणूनच वैशाखात नागपूर-जालन्याकडे माठातले पाणी दाताला लागेल इतके गार होते, आणि कोकणात, जिथे हवाच ओली, तिथे तोच माठ निम्मे काम करतो. त्यात कुंभाराचा दोष नाही. पाणी गार करायला माठाला कोरडा वारा लागतो.

तेव्हा मडक्याची परीक्षा करायची ती कशी? मी माझ्यापुरते काही ठरवले आहे. पहिली गोष्ट बूड. पुष्कळांना वाटते की गोल बूड ही जुन्या माणसांची अडाणी खोड. धड उभे राहत नाही, घडवंची लागते, डोक्यावर न्यायला चुंबळ लागते. पण जिथे कोपरा तिथे तडा, हे मातीचे मूळ सूत्र आहे. गोल बुडाला कोपराच नाही. तीन दगडांच्या चुलीवर ते अचूक बसते, जाळ सगळीकडून सारखा चढतो, कमरेवर घेतले तर अंगाच्या वळणाला टेकते. खानदेशातले मांडे ज्या खापरावर होतात ते पाहिले आहे ना? पालथे घातलेले, खाली जाळ, आणि वर हातावर झुलवून झुलवून रुमालाएवढी पातळ केलेली पुरणाची पोळी. ती पसरते ती त्या फुगीर पाठीवर. पालथ्या घड्यावर पाणी टिकत नाही, पण मांडा टिकतो! एकच आकार सुलटा पाण्याचा, उलटा पक्वान्नाचा. याहून काटकसरीचे शिल्प मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट काठ. चांगल्या मडक्याचा काठ बाहेर वळलेला असतो, आणि त्याच्या खाली चार बोटे बरोबर बसतील एवढीच खोबण असते. ओल्या हातातूनही ते निसटत नाही. हा काठ नुसता शोभेचा असेल तर तो तीक्ष्ण तरी असतो नाही तर फार रुंद. पाणी ओतताना मग ते गळ्यावरून ओघळते. तिसरी गोष्ट आवाज. नीट भाजलेले मडके ठणठणते, कच्चे राहिलेले भद्द वाजते, आणि चिरलेले असेल तर डोळ्याला दिसण्याच्या आधी कानाला कळते.

आकाराच्या देखणेपणाविषयी बोलताना मात्र एक सावधगिरी हवी. चित्रकलेच्या परीक्षेत स्थिरचित्रात माठ ठेवला की आमची मुले मधोमध उभी रेघ मारतात आणि दोन्ही बाजू काट्यावर तोलल्यासारख्या सारख्या काढतात. मी मुलांना माठाभोवती फिरून यायला सांगतो. थापटलेला माठ कुठेतरी किंचित झुकलेला असतो, एका अंगाला गेरू जास्त बसलेला असतो, आव्यात शेजारच्या मडक्याला टेकला असेल तिथे काळा डाग असतो. हवा मिळाली तिथे मातीतले लोह लाल झाले, कोंडली तिथे धुराने काळे. या डागाला दोष म्हणावे की नाही, यावर वर्गात एकदा तासभर वाद झाला होता. माझे मत असे: गुणही नाही, दोषही नाही. जो मुद्दाम डाग पाडतो तो मात्र नक्की दोषी.

हे म्हणायचे कारण की, अलीकडे प्रदर्शनांतून 'ओबडधोबड' हेच सौंदर्य म्हणून विकले जाते. त्याचे मूळ जपानात सांगतात. 1925च्या सुमारास यानागी सोएत्सू या विचारवंताने आणि हामादा, कावाई या त्याच्या कुंभार मित्रांनी 'मिंगेई', म्हणजे सामान्य लोकांची कला, हा शब्द घडवला. 1936 साली तोक्योत त्यांनी घरगुती वापराच्या वस्तूंचे संग्रहालयही काढले. तिथल्या चहाच्या आचार्यांनी परम आदराने जपलेला एक वाडगा आहे, किझाएमोन नावाचा. तो मुळात कोरियातल्या कुणा अनाम कुंभाराने केलेला, रोजच्या जेवणातला स्वस्त वाडगा. आपल्या पंडितांनी घटाकडे पाहून ब्रह्म पाहिले. त्यांनी वाडग्याकडे पाहून वाडगा पाहिला, याबद्दल मला त्यांचा हेवा वाटतो. पण यानागींची एक गोष्ट गळी उतरत नाही. कारागीर निनावी असतो, म्हणूनच त्याच्या कामात निर्मळपणा येतो, असे ते म्हणत. हे म्हणणाऱ्याचे नाव पुस्तकावर छापलेले असते!

आमचा कुंभार निनावी राहिला तो काही विरक्तीने नव्हे. बारा बलुतेदारांत तो एक. गावाला वर्षभर लागतील ती मडकी पुरवायची आणि सुगीत खळ्यावर जाऊन पदरात पडेल ते धान्य घ्यायचे. पाऊसकाळात ना मडके सुकत, ना आवा लागत. त्या महिन्यांत खायचे काय, याचा हिशेब गावाने ठेवला नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' (1915) वाचावा. त्यांची सगळीच मते पटतील असे नाही, पण बलुत्याच्या व्यवहारावर भावनेचे गेरू न फासता लिहिलेले ते पुस्तक आहे. पितळ आले, मग ॲल्युमिनियम आले, स्टील आले, प्लॅस्टिक आले. आणि बायकांनी जड मडकी टाकून हलकी घागर डोक्यावर घेतली, त्यात त्यांची चूक काय? मडक्याचे कौतुक करताना ज्यांच्या माना त्याखाली अवघडल्या त्यांना विसरणारी टीका मला नको.

मग मडके उरते कशासाठी? जुने आहे म्हणून, हे उत्तर पुरत नाही. जुनेपण पाहायचे तर संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे आहे. 1950-51 साली डॉ. ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केले, आणि त्या गावाच्या नावाने एका संपूर्ण संस्कृतीची भांडी ओळखली जाऊ लागली: तांबडी, वर काळ्या रंगाची नक्षी, तोटीची, वाजवली तर धातूसारखी खणखणणारी. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ही कारागिरी पाहून आजचा कुंभारही मान डोलावील. पण मला त्याहून जवळची वाटते ती घोड नदीकाठच्या इनामगावची गोष्ट. तिथे 1968 ते 1983 पर्यंत उत्खनन चालले. त्या लोकांची लहान मुले दगावली की ती त्यांना गावाबाहेर नेत नसत. घरातल्या जमिनीखालीच, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून ठेवत आणि त्यांत लेकराला निजवत. आणि हे कुंभ नक्षीचे नव्हेत. जाडेभरडे, राखी रंगाचे. सुबक, तोटीचे, रंगवलेले भांडे घरात असताना त्या आईने लेकरासाठी खरबरीत कुंभ घेतला. त्याचे पोट मोठे होते म्हणून घेतला असेल, स्वस्त होता म्हणून घेतला असेल. मी कादंबरीकार आहे, मला आणखी दहा कारणे सुचतात. पण त्या घरात मडके कशाचेही प्रतीक नव्हते, ते जवळचे होते, एवढे मला त्यातून दिसते.

आज मडके उरले आहे ते जिथे त्याचे काम दुसऱ्या कुणाला जमत नाही तिथे. माठ उरला आहे. दह्याचे मडके उरले आहे, कारण ते दह्यातले जादा पाणी पिऊन घेते आणि कवडी पडते तशी स्टीलच्या भांड्यात पडत नाही. खापर उरले आहे. संक्रांतीचे सुगड आणि नवरात्राचा घट उरला आहे. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या पिढ्या अजून मुंबईला कुंड्या-पणत्या पुरवतात. ओट्यावर ठेवायचा म्हणून माठाचे बूड सपाट झाले, वाकायला नको म्हणून त्याला तोटी बसली. जुने लोक यावर कुरकुरतात; मी कुरकुरणार नाही. स्वयंपाकघर उभे झाले, तसा माठही उभा राहिला. जोर्व्याच्या भांड्यालाही तोटी होतीच की!

माझी तक्रार आहे ती रंगाविषयी. बाजारात चकचकीत तैलरंग फासलेले माठ येतात, वर मोर, वेलबुट्टी, कुयरी. गेरू मातीचाच, तो श्वास कोंडत नाही. तैलरंग छिद्रे बुजवतो. असा माठ पाझरत नाही आणि पाझरत नाही म्हणून गार करीत नाही. दिवाणखान्यात तो खुशाल ठेवावा, पण त्याला माठ म्हणू नये; नाटकातल्या राजाला आपण मुजरा करतो काय?

पणतीचेही यंदा तेवढे पाहा. हाताने केलेल्या पणतीला एक चोच असते. कुंभार ओल्या काठाला एक बोट लावून ती ओढतो. वात तिच्यात विसावते, तेल तिकडे उतरते. साच्यातून काढलेल्या, सोनेरी रंगाच्या, मेण भरलेल्या पणत्यांत पुष्कळदा ही चोच नसते, असली तरी नावापुरती. मेणाची वात मधोमध उभी असते, तिला चोचीचे काम नाही. घरातल्या मोठ्या बायका नव्या पणत्या आदल्या रात्री बादलीभर पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्या तेल पीत नाहीत. त्या वेळी मुलांना जवळ बसवा. मातीची पणती पाण्यात सोडली की बारीक चुरचुरते आणि बराच वेळ बुडबुडे सोडत राहते. सोनेरी पणती गप्प बसते.